संडासच्या टाक्यांमधला मैला: शेजारच्या गावांनी मिळून प्रक्रिया कशी उभी करायची

गावात संडासची टाकी भरली की कुणीतरी एक मोबाइल नंबर देतो. तासा-दोन तासांत टँकर येतो, पाइप सोडतो, मैला ओढून घेतो, पैसे घेतो आणि जातो. घरमालकाचं काम झालं. तो टँकर पुढे कुठे रिता होतो, हे बहुतेकांनी कधी विचारलेलंच नसतं. जवळचा ओढा, पडीक रान, रस्त्याकडेची चारी किंवा अंधार पडल्यावर एखाद्याचं शेत, यांपैकीच एखादं उत्तर निघतं. वेशीवर हागणदारीमुक्तीची कमान आणि त्याच गावचा मैला खालच्या गावाच्या विहिरीला लागून, हे मी पाहिलंय आणि मला ते विसरता येत नाही.

हा लेख नव्याने निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांसाठी, नगरपंचायतीच्या नगरसेवकांसाठी आणि नुकतेच रुजू झालेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी आहे (पदाचं नाव बदललं तरी गावात त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतात). एकट्या गावाला स्वतःचा प्रकल्प परवडत नाही. परवडला तरी तो चालवायला रोज पुरेसा मैला मिळत नाही. त्यामुळे दोन, चार, कधी त्याहून जास्त ग्रामपंचायतींनी एकत्र यायचं, किंवा जवळच्या नगरपालिकेचा हात धरायचा, एवढेच मार्ग उरतात. काम किचकट आहे, पण अवघड नाही. फक्त क्रम चुकवू नका. लोक आधी जागा शोधतात आणि यंत्रांची कोटेशनं मागवतात. खरी सुरुवात घरामागच्या टाकीपासून करायची असते.

पायरी पहिली: टाक्या मोजा

नमुना ८ ची घरांची यादी काढा आणि तिच्यापुढे संडासचे रकाने आखा. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि गावातली दोन-चार शिकलेली मुलं सोबत असतील, तर हजार घरांचं काम पंधरवड्यात होतं. कागदावर सगळीकडे ‘शौचालय आहे’ असंच लिहिलेलं असतं. तुम्हाला हवं आहे ते जमिनीखालचं.

जमिनीखाली साधारण तीन प्रकार सापडतील. पहिला दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की चेंबरमधून वाट बदलायची आणि दुसरा वापरात घ्यायचा. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत वास नसलेलं, भुसभुशीत खत तयार होतं. या घरांना टँकर लागत नाही, त्यांना तुमच्या हिशेबात धरू नका आणि त्यांच्याकडून उपशाचे पैसेही मागू नका. दुसरा प्रकार खरी सेप्टिक टँक: तळ पक्का, आत दोन कप्पे, वरचं पाणी बाहेर शोषखड्ड्यात जाणारं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो. लोक त्याला ‘टाकी’ म्हणतात, पण तो असतो तळ उघडा ठेवलेला एकच मोठा खड्डा. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही’ असं अभिमानाने सांगणारं घर भेटलं, तर तिथे खूण करून ठेवा. न भरणारी टाकी जमिनीत झिरपत असते, आणि त्या घराच्या किंवा शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी तपासायला पाठवायला हवं. जिथे जागा आहे तिथे अशा एका खड्ड्याला दुसऱ्याची जोड देऊन दोन खड्ड्यांचा संडास करता येतो. ते जमलं तर टँकरची एक फेरी कायमची वाचली.

सर्वेक्षणात एवढं तरी विचारा: टाकी कधी बांधली, शेवटची कधी उपसली, किती लांब-रुंद-खोल आहे, झाकण उघडतं का, आणि टँकर दारापासून किती अंतरावर उभा राहू शकतो. शेवटचे दोन प्रश्न साधे वाटतात, पण पुढे तेच छळतात. कितीतरी घरांची टाकी ओट्याखाली, जिन्याखाली किंवा नव्या फरशीखाली गाडली गेलेली असते. फरशी फोडायची म्हटलं की घरातली मंडळी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. त्यामुळे झाकण मोकळं करण्याचा विषय सर्वेक्षणाच्या दिवशीच काढा.

टाकी उपसायची वेळ झाली का, हे पाहायला एक जुनी पद्धत आहे. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळायचं, ती तळापर्यंत घालायची, थोडं थांबून बाहेर काढायची. खालचा दाट काळा डाग गाळाची उंची सांगतो. टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत गाळ आला असेल तर उपसा. हे काम वरून, झाकण उघडून थोडा वेळ वारा लागू दिल्यावर, तोंड बाजूला ठेवून करायचं. जवळ विडी-काडी अजिबात नको, आत मिथेन असतो.

पायरी दुसरी: मैला कुठे जाईल ते ठरवा

आधी जवळच्या शहराकडे पाहा. पालिकेचा मैलागाळ प्रक्रिया प्रकल्प किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू आहे का, आणि त्याची पूर्ण क्षमता वापरली जाते का, एवढे दोनच प्रश्न घेऊन मुख्याधिकाऱ्यांना भेटा. साताऱ्याचं उदाहरण यासाठी पाठ करून ठेवण्यासारखं आहे. सातारा शहराच्या प्रकल्पाची क्षमता रोज ६५ हजार लिटर, आणि शहराचा मैला घेऊनही तिथे जागा शिल्लक राहत होती. शेजारच्या देगाव, जकातवाडी, सोनगाव आणि कोडोली या गावांना त्या उरलेल्या जागेशी जोडून घेण्यात आलं. गावांना नवीन यंत्र बसवावं लागलं नाही, पालिकेला अर्धवट चालणारा प्रकल्प भरून चालवता आला.

शहर लांब असेल तर समूह प्रकल्पाचा विचार करा. त्याच जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या मायणीला, आसपासच्या बऱ्याच गावांसाठी एकच स्वतंत्र प्रकल्प अशी आखणी झाली. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या कालीबिल्लोद ग्रामपंचायतीत रोज ३ हजार लिटरचा छोटा ग्रामीण प्रकल्प आहे. कर्नाटकातल्या देवनहळ्ळीचा प्रकल्प २०१५ पासूनचा, देशातल्या अगदी पहिल्या मैलागाळ प्रकल्पांपैकी, आणि त्याची क्षमता रोज ६ हजार लिटर. हे आकडे मुद्दाम देतोय. प्रकल्प म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धुरांडं आणि कोटींचं बजेट येतं. गावांच्या समूहाला लागणारा प्रकल्प बऱ्याचदा एका मंगल कार्यालयाच्या आवारात मावेल एवढा असतो.

सांडपाणी केंद्रात मैला टाकायचा असेल तर तिथल्या अभियंत्यांशी नीट बोला. टाकीतला मैलागाळ गटारातल्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पट तीव्र असतो. तीन टँकर एकदम ओतले तर केंद्रातले जिवाणू मरतात आणि पुढचे काही दिवस सगळ्या शहराचं पाणी नीट शुद्ध होत नाही. म्हणून आधी साठवण टाकीत घ्यायचा आणि तिथून थोडा थोडा सोडायचा. पालिकेने नकार दिला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि साठवण टाकीचा खर्च गावांनी वाटून घेतला की तो नकार विरघळतो.

खोल चर खणून त्यात मैला पुरण्याचीही पद्धत आहे. ती स्वस्त पडते, पण कोकणासारख्या भागात, जिथे पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं, तिथे तिचा विचारही करू नका. देशावरही विहिरी, बोअर आणि ओढ्यापासून दूर, पाण्याची पातळी खोल असलेली जागा हवी. माझ्या मते ही तात्पुरती सोय आहे, दोन-तीन वर्षांपुरती.

अंतराचा नियम मी स्वतःपुरता असा ठरवलाय: सगळ्यात लांबच्या गावापासून पंधरा, फार तर वीस किलोमीटर. अंतर वाढलं की डिझेल वाढतं, आणि डिझेल वाढलं की चालकाला वाटेतला ओढा जवळचा वाटायला लागतो.

पायरी तिसरी: गणित मांडा, आणि ते सगळ्यांसमोर मांडा

समजा चार गावांत मिळून टँकर लागणारी २,४०० घरं निघाली. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावी असं प्रमाण आहे. वाई नगरपालिकेने तीन वर्षांचं चक्र धरलं. खेड्यात टाक्या गरजेपेक्षा मोठ्या बांधलेल्या असतात, म्हणून सुरुवातीला पाच वर्षांचं चक्र धरून पाहू.

२,४०० भागिले ५, म्हणजे वर्षाला ४८० टाक्या. पावसाळा, सण आणि टँकरची दुरुस्ती वजा करून कामाचे २४० दिवस धरले, तर रोज फक्त २ टाक्या. एका टाकीतून सरासरी ३ हजार लिटर निघाले तर रोज ६ हजार लिटर. म्हणजे देवनहळ्ळीएवढा प्रकल्प पुरे. शहराच्या ६५ हजार लिटरच्या प्रकल्पावर याचा भार दहाव्या भागाहूनही कमी.

आता पैसे. तुमच्या भागात एका फेरीचा सगळा खर्च, चालक-मदतनीस, डिझेल आणि प्रकल्पावरची फी धरून, १,८०० रुपये येतो असं मानू (हा आकडा उदाहरणापुरता आहे, तुमचा तुम्ही काढा). ४८० फेऱ्यांचे वर्षाला ८ लाख ६४ हजार रुपये. ते २,४०० घरांवर वाटले तर घराला वर्षाला ३६० रुपये, महिन्याला ३०. ग्रामसभेत ‘आठ लाख’ म्हटलं की सभा उसळते. ‘महिन्याला तीस रुपये आणि टाकी भरून तुंबेपर्यंत वाट पाहायची गरज नाही’ म्हटलं की लोक ऐकतात. दोन्ही खरं आहे, पण ऐकणाऱ्याच्या घराचं गणित त्याला कळलं पाहिजे.

इथे वाईचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. वाई आणि सिन्नर या दोन पालिकांनी ‘टाकी भरली की बोलवा’ ही पद्धत सोडली आणि वेळापत्रकाने, गल्लीमागून गल्ली, उपसा सुरू केला. वाईत घरमालकाला उपशाच्या वेळी पैसे द्यावे लागत नाहीत. मालमत्ता करासोबत स्वच्छतेचा कर घेतला जातो आणि ठेकेदाराचं बिल नियमित निघावं म्हणून पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी बांधून ठेवलेल्या खात्यात, ठेवला जातो. वाईचा प्रकल्प २०१८ पासून चालू आहे, क्षमता रोज ७० हजार लिटर. वेळापत्रकाचा मोठा फायदा असा की प्रकल्पाला रोज सारखा मैला मिळतो आणि टँकरला रोज काम मिळतं. उपाशी प्रकल्प वर्षभरात गंजतो.

उभारणीसाठी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा निधी आणि वित्त आयोगाच्या बंधित (म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करता येणाऱ्या) निधीतला स्वच्छतेचा वाटा हे दोन मुख्य स्रोत आहेत. जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात जाऊन चालू वर्षाचे निकष आणि दर लेखी घ्या. आणि हे काम चारही गावांच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्याच वर्षी आलं पाहिजे. एका गावाच्या आराखड्यातून ते राहिलं, तर बाकी तिघांचा पैसा त्या एका गावासाठी अडकून बसतो.

पायरी चौथी: ज्या गावात प्रकल्प होणार, त्या गावाशी आधी बोला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘चार गावांची घाण आमच्याच शिवारात का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला अडाणी समजू नका. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला, तिथलं पाणी खराब झालं, माणसांना वासात जगावं लागलं आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाने ऐकलेली आहे. तुमचं आश्वासन त्या आठवणीसमोर उभं राहणार आहे.

मी जे करतो ते सांगतो. जागा जाहीर करण्याआधी त्या गावातले सगळ्यात कडवे विरोधक, महिला बचत गटाच्या ताई आणि जागेला लागून असलेल्या शेतांचे मालक, अशा वीसेक जणांना चालू प्रकल्प दाखवायला न्यायचं. सकाळी टँकर रिता होतो त्याच वेळी. तिथे काय दिसतं? टँकरचा मैला आधी जाळीतून जातो, चिंध्या-प्लास्टिक अडतं. मग तो वाळू-खडीच्या वाफ्यांवर पसरतो. पाणी खाली झिरपून पुढच्या शुद्धीकरणाला जातं, वर गाळ वाळत राहतो. काही ठिकाणी वाफ्यात कर्दळ लावलेली असते, तिची मुळं गाळ मोकळा ठेवतात. वाळलेला गाळ ओल्या कचऱ्यात मिसळून, आतून चांगला तापेल असा ढीग लावून, खत केलं जातं. वास जाळीपाशी येतो, शंभर पावलांवर फारसा येत नाही. हे मी सांगून पटत नाही, नाकाने पटतं.

एका बैठकीतला प्रसंग सांगतो, गावाचं नाव नको. आम्ही आराखडे, नकाशे सगळं घेऊन गेलो होतो. मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, ‘बाबा, टँकर शाळेपुढनं जाणार का?’ आमच्या नकाशावर तोच रस्ता होता. तासभराची तयारी तिथेच संपली. दुसऱ्या खेपेला रस्ता बदलून गेलो आणि पहिला मुद्दा तोच सांगितला.

यजमान गावाला काय मिळणार, हे उपकार म्हणून सांगू नका, हक्क म्हणून लिहून द्या. त्या गावाचा उपसा विनाशुल्क, प्रकल्पावरची कामं आधी तिथल्या माणसांना, टँकरचा रस्ता आणि वेळ गावाने ठरवलेली, कुंपणाला झाडांचा पट्टा, आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याची दर सहा महिन्यांनी तपासणी, अहवाल चावडीवर लावलेला. तपासणीचा पहिला अहवाल प्रकल्प सुरू होण्याआधीचा हवा. नाहीतर पुढे पाणी खराब निघालं तर ते आधीपासून होतं की नंतर झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पायरी पाचवी: ठराव आणि करार

प्रत्येक गावात ग्रामसभेचा ठराव स्वतंत्र हवा. गणपूर्ती शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली जी संख्या कमी असेल ती. त्याआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत हा विषय नक्की घ्या, कारण टाकी तुंबल्याचा त्रास सगळ्यात आधी त्यांना होतो आणि त्यांचा पाठिंबा मिळाला की पुढची सभा सोपी जाते. ठरावाचा मसुदा साधा ठेवा:

‘मौजे ___ ग्रामपंचायत हद्दीतील संडासांच्या टाक्यांमधील मैला ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे उपसून तो ___ येथील प्रक्रिया प्रकल्पातच रिता केला जाईल. यासाठी टँकरची गरज असलेल्या प्रत्येक घराकडून वार्षिक ___ रुपये घरपट्टीसोबत घेऊन स्वतंत्र खात्यात जमा केले जातील. सदर कामासाठी ___ या ग्रामपंचायतींसोबत सामंजस्य करार करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे.’

रक्कम कोणत्या कराच्या नावाखाली घ्यायची, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी तपासून घ्या. जागा गायरान असेल तर महसूल खात्याची परवानगी आणि प्रकल्पासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची संमती, ही दोन्ही कामं लवकर सुरू करा. वेळ त्यांनाच लागतो.

करारात मी पुढच्या गोष्टी कधीच सोडत नाही. मुदत किमान दहा वर्षांची, म्हणजे दोन निवडणुका ओलांडणारी, कारण गावोगाव सरपंच बदलला की आधीच्याची कामं थांबतात. वाटा घरांच्या संख्येवर, समसमान नाही. पैसे थकवणाऱ्या गावाचं काय करायचं, हे आधीच ठरलेलं. (त्या गावाचा उपसा बंद करू नका, मैला पुन्हा ओढ्यात जाईल. वित्त आयोगाच्या पैशातून वळती करण्याची संमती करारातच घ्या.) चारही गावांचे दोन-दोन प्रतिनिधी असलेली समिती, त्यातला एक महिला सदस्य असावाच. समितीची बैठक दर महिन्याला, आळीपाळीने प्रत्येक गावात.

पायरी सहावी: टँकर आणि त्यावरची माणसं

माणसाला टाकीत उतरवायचं नाही. हे मी नियम म्हणून सांगत नाही, जीव जातो म्हणून सांगतो. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने टाकी-गटारांच्या धोकादायक सफाईला पूर्ण बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण गावात आजही ‘तळाचा गाळ निघत नाही, जरा उतर’ असं सांगणारे घरमालक आहेत, आणि ज्याला उतरायला सांगतात तो माणूस बहुतेक वेळा ठरावीक वस्तीतलाच असतो. टँकरवाल्याशी करार करताना लिहून घ्या की घट्ट गाळ पाणी मारून सैल करायचा आणि उरला तर उरू द्यायचा. थोडा गाळ तळाला राहिला तर उलट बरंच, टाकीतले जिवाणू त्यातूनच पुन्हा वाढतात. हातमोजे, बूट, मास्क, आरोग्य विमा हे ठेक्याच्या किमतीत धरा. केंद्राच्या नमस्ते योजनेत टाकी-गटार सफाई कामगारांची नोंदणी होते, तुमच्या चालक-मदतनिसांची नावं त्यात आली का ते पाहा.

आणि पावत्या. प्रत्येक फेरीची पावती तीन प्रतींची: एक घरमालकाकडे, एक चालकाकडे, एक प्रकल्पावर. घरातून निघालेल्या फेऱ्या आणि प्रकल्पावर पोचलेल्या फेऱ्या महिन्याअखेरीस जुळल्या नाहीत, तर मधला फरक कुठल्यातरी ओढ्यात आहे. ठेकेदाराचं बिल प्रकल्पावरच्या प्रतीवरच काढा. टँकरला जीपीएस लावलं तर चांगलं, पण पावती असेल तरच त्याचा उपयोग.

टँकर रिता करण्याआधी प्रकल्पावरच्या माणसाने मैल्याचा रंग-वास पाहावा आणि पीएच कागद (आम्लता दाखवणारी पट्टी) बुडवावा. जवळ एमआयडीसी असेल तर कधीतरी कारखान्याचं पाणी याच टँकरमधून यायचा प्रयत्न होतो. ढाब्यांचं तेलकट पाणीही वाफे चोंदवतं. संशय आला तर टँकर परत पाठवण्याचा अधिकार त्या माणसाला लेखी द्या, नाहीतर चालकाच्या दमदाटीपुढे तो गप्प बसतो.

पहिलं वर्ष

पहिल्या तीन महिन्यांत वेळापत्रक कोलमडेल, ते धरूनच चला. झाकणं सापडणार नाहीत, गल्लीत टँकर अडकेल, काही घरं दार उघडणार नाहीत. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या शिपायाने घरी जाऊन सांगणं आणि त्याच रात्री व्हॉट्सॲप गटावर गल्लीचं नाव टाकणं, एवढ्याने निम्म्या फेऱ्या वाचतात. जूनच्या आधी खालच्या, पाणी साचणाऱ्या वस्त्या संपवा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना प्लास्टिकची हलकी टाकी पूर्ण रिकामी केली तर ती वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. वाळवण्याच्या वाफ्यांवर पावसाआधी पत्रा किंवा पारदर्शक छप्पर हवं.

पहिल्या उन्हाळ्यात वाळलेला गाळ निघेल, आणि तो कुणाला द्यायचा हा प्रश्न येईल. खताची तपासणी होऊन अहवाल हातात येईपर्यंत तो विकू नका, वाटू नका. अहवाल चांगला आला की पहिल्या गोण्या यजमान गावातल्या, प्रकल्पाला लागून शेत असलेल्या शेतकऱ्याला द्या. भाजीपाल्याला नको, ऊस किंवा फळझाडांना.